मदत हवी आहे : शिकवून तयार केलेले ऑपरेटर टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं मशीन शॉप आहे, २२ माणसं. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) मुलगा तयार व्हायला सहा-आठ महिने लागतात. हात बसला की तो जवळच्या हालोल-सावलीकडच्या कारखान्यांत जातो. वर्षात पाच गेले. पगार दोनदा वाढवला, बोनस कायद्यातल्या किमान ८.३३ टक्क्यांऐवजी १२ टक्के दिला, फरक नाही. जाताना दोघांनी सांगितलं, कामाची पाळी (शिफ्ट) आधी कळत नाही याचाच जास्त त्रास होतो. हे मी आधीच विचारायला हवं होतं. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी, तोवर कोण थांबणार? ठरावीक काळ सोडून जाणार नाही असा बाँड नको, पोरांना अडकवणं पटत नाही. पगार आणखी वाढवणं परवडणार नाही. महिनाभर आधी पाळ्या लावून आणि ठरावीक महिने टिकल्यावर टप्प्याटप्प्याने रक्कम देऊन कुणी माणसं टिकवली आहेत का? पहिला टप्पा कितव्या महिन्याला ठेवलात?