लोकलसाठी आणि कोकणासाठी एकच फोल्डिंग सायकल: 16 इंची की 20 इंची?

मुक्काम डोंबिवली (प्रश्न)

नमस्कार. माझे घर डोंबिवली पूर्वेला, स्थानकापासून अडीच किलोमीटरवर आहे आणि कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये. दोन्ही टोकांना रिक्षाच्या रांगेत जाणारा वेळ वाचावा म्हणून फोल्डिंग सायकल घेण्याचा विचार आहे. कामाची पाळी दुपारी बाराला सुरू होते आणि परतायला रात्रीचे नऊ वाजून जातात, त्यामुळे ऐन गर्दीच्या गाड्या मला घ्याव्या लागत नाहीत. इमारतीला उद्वाहन नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. हिवाळ्यात हीच सायकल घेऊन मांडव्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठावी आणि तेथून रेल्वेने परतावे, अशीही इच्छा आहे. तेव्हा चाक कोणत्या मापाचे घ्यावे, लांब पल्ल्याच्या गाडीत अशी सायकल सामान म्हणून चालते का आणि आमच्या भागातल्या साध्या सायकली दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे तिची देखभाल होऊ शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेडलपुराण

दोन्ही कामांसाठी एकच सायकल हवी असेल तर 20 इंची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे मुख्य कारण टायर हे आहे. 20 इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत दोन निरनिराळी मापे असतात: एकात टायरच्या बैठकीचा व्यास 406 मिलिमीटर, तर दुसऱ्यात 451. यांतले एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेवर 47-406 असे काही छापलेले असते, त्यातला शेवटचा आकडा वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. 406 हे माप लहान मुलांच्या 20 × 1.75 टायरच्या सायकलींत सर्रास वापरले जाते, त्यामुळे त्याची ट्यूब श्रीवर्धन किंवा गुहागरच्या बाजारातही मिळण्याची शक्यता बरीच असते. 16 इंचांतही असाच घोळ आहे. मुलांच्या सायकलीचे माप 305 आणि महागड्या फोल्डिंग सायकलींचे 349, आणि हे दुसरे माप आपल्याकडच्या साध्या दुकानात मिळत नाही.

लहान चाकाची सायकल हळू जाते, हा समज मात्र तितकासा खरा नाही. पुढचे दातेरी चक्र मोठे देऊन ती उणीव भरून काढलेली असते. 47-406 टायरचा परीघ साधारण 1.57 मीटर धरला, तर पुढे 52 आणि मागे 14 दाते असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास 5.8 मीटर पुढे जाते आणि सपाट रस्त्याला तेवढे पुरते. लहान चाकाची खरी अडचण खड्ड्यांत जाणवते, कारण जो खड्डा मोठे चाक सहज ओलांडते त्यात हे चाक आत उतरते आणि धक्का थेट मनगटात येतो. यासाठी टायर रुंद असावे आणि हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत, पण न चुकता दर आठवड्याला भरावी.

लगेज डबा

वरील उत्तरात कोकणाचा विचार झाला आहे, पण प्रश्नकर्त्याचे वर्षातले बहुतेक दिवस डोंबिवली आणि ठाण्याच्या दरम्यान जाणार आहेत. फोल्डिंग सायकल चालवायला कशी आहे यापेक्षा ती उचलायला, उभी करायला आणि जिन्यावरून न्यायला कशी आहे, हे आधी पाहावे; चालवण्याचा आनंदच महत्त्वाचा असेल तर साधी सायकल अधिक चांगली आणि स्वस्तही. 20 इंची सायकल घडी घातल्यावर साधारणपणे 80 × 65 × 35 सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि तिचे वजन बहुधा 12 ते 14 किलो असते. लंडनच्या ब्रॉम्प्टनची घडी 64.5 × 58.5 × 27 सेंटिमीटर होते, साखळी घडीच्या आत राहते आणि त्यामुळे शेजाऱ्याच्या कपड्यांना काळे लागत नाही. अँड्र्यू रिची यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर ही रचना आपल्या राहत्या घरी आखली आणि खिडकीतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून तिला नाव दिले. तिची किंमत आपल्यापैकी बहुतेकांना परवडणारी नाही, हेही खरे. पण तिसऱ्या मजल्यावर रोज दोन वेळा चढ-उतार करताना घडीतला प्रत्येक सेंटिमीटर जाणवतो.

लोकलबाबत सांगायचे तर दुपारच्या गाडीलाही साध्या डब्याच्या दारात सायकल घेऊन उभे राहू नये. लगेजचा डबा गाठावा आणि सायकल कापडी पिशवीत घालून न्यावी. त्या डब्यात डबेवाले, भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्या यांचा हक्क पहिला असतो, तो मान्य करून एका कोपऱ्यात उभे राहिले तर कोणी हरकत घेत नाही. दुकानात सायकल पाहताना घडी घातलेल्या अवस्थेत ती आपल्या चाकांवर ढकलता येते का, हे अवश्य तपासावे. ठाण्याच्या पुलावर 13 किलोचे ओझे हातात धरून चालणे आणि तेच ढकलत नेणे यांत फार अंतर आहे.

खाडीपलीकडे

प्रवासाबद्दल लिहितो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे वाहने नेणारी मोठी बोट, 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि तीत मोटारींबरोबर सायकलही नेता येते, तेव्हा मुंबईतून बाहेर पडायला महामार्गाची गरज नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांडा ते दिघी, मग हरिहरेश्वराजवळ बागमांडला ते वेसवी, दापोली तालुका ओलांडल्यावर दाभोळ ते धोपावे आणि गुहागरनंतर तवसाळ ते जयगड, अशा जंगलजेट्टींनी, म्हणजे माणसांबरोबर वाहनेही नेणाऱ्या बोटींनी, चार खाड्या पार होतात. जेट्टीवर सायकलची घडी घालण्याची आवश्यकता नसते. ती वाहनांसोबत तशीच आत नेतात.

या मार्गाला किनाऱ्याचा रस्ता म्हणतात, पण तो सपाट नाही. प्रत्येक खाडी ओलांडली की रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा समुद्रसपाटीला येतो. वर दिलेल्या 52 दात्यांच्या चक्राबरोबर मागे सर्वांत मोठे चक्र 28 दात्यांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्याला 2.9 मीटर जावे लागते आणि सामानासह त्या चढांना हे फार जड पडते. पुढचे चक्र 44 दात्यांचे करता आले तर तेच अंतर 2.5 मीटरवर येते. अर्थात काही स्वस्त सायकलींत ते क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेटने जोडलेले असते आणि स्वतंत्र बदलता येत नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. उताराला आणखी एक सावधगिरी हवी: लहान रिम ब्रेकच्या घर्षणाने लवकर तापते, म्हणून ब्रेक सतत दाबून न धरता थोडा थोडा, आलटून पालटून वापरावा आणि लांब उतारावर मध्ये थांबावे.

रेल्वेचा नियम काटेकोरपणे पाहिला तर तो आपल्या बाजूचा नाही. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण सायकल आणि स्कूटर यांना ती सवलत नाही. शिवाय डब्यात नेण्याच्या पेटीची मर्यादा 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे आणि वातानुकूलित तृतीय वर्गात ती आणखी लहान, 55 × 45 × 22.5 इतकी. म्हणजे ब्रॉम्प्टनची घडीसुद्धा 25 च्या मापात दोन सेंटिमीटरने बसत नाही. पिशवीत गुंडाळलेल्या सायकलीकडे प्रत्यक्षात अनेकदा दुर्लक्ष होते, मात्र तपासनिसाने हरकत घेतली तर वाद घालायला आधार राहत नाही. 20 इंची सायकल असेल तर रत्नागिरीला गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचून, आपल्या तिकिटावर ती लगेज म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) द्यावी, हा मार्ग मला अधिक निर्धास्त वाटतो. रत्नागिरी स्थानक शहराबाहेर कुवारबावला आहे, तेव्हा त्या चढाचा वेळही हिशेबात धरावा.

तेलपाणी

देखभालीपैकी पुष्कळशी तुमचा नेहमीचा कारागीर करू शकेल. पंक्चर, ब्रेक, चाकाचा आउट काढणे (वाकडे फिरणारे चाक सरळ करणे), साखळी बदलणे यांत वेगळे काही नाही. लहान चाक त्याच अंतरासाठी अधिक फेरे घेते, किलोमीटरला सुमारे 640, तर 26 इंची चाक साधारण 480. त्यामुळे टायर आणि हबमधल्या गोळ्या लवकर झिजतात, एवढे लक्षात ठेवावे.

बिजागरी मात्र स्वतः सांभाळावी. तिचा खटका बंद करताना अर्ध्या वाटेवर विरोध जाणवला पाहिजे आणि तळहाताच्या जोराने तो पूर्ण बसला पाहिजे. एका बोटाने मिटत असेल तर तो सैल आहे आणि त्यावरचा नट पाव फेरा आवळावा लागतो. बिजागरीच्या खिळ्याला थोडेसे ग्रीस पुरते. सीटच्या दांडीला मात्र तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, कारण ती पकडीवरच उभी असते आणि तेलकट झाली की चालवताना खाली सरकते. ती कोरड्या फडक्याने पुसावी आणि तिच्यावरची किमान खोलीची खूण नळीबाहेर दिसेल इतकी वर कधीही ओढू नये. केबल घडीच्या जागी रोज वाकतात, म्हणून तेथे आवरण चिरले आहे का हे महिन्यातून एकदा पाहावे. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन, पूर्ण वाळवून मगच साखळीला तेल द्यावे. पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नये.

मुक्काम डोंबिवली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लगेज डबा यांचे म्हणणे पटते, पण अंदाजपत्रक 406 कडेच नेते आहे. कल्याणला एक वापरलेली 20 इंची सायकल विक्रीला आहे. ती घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

तेलपाणी

प्रथम घडी उघडून खटके लावा, पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढे-मागे हलवा. मधल्या बिजागरीत किंवा हँडलच्या सांध्यात खटखट आली आणि खटका आवळूनही ती गेली नाही, तर खिळा झिजला आहे असे समजावे. नंतर बिजागरीच्या दोन्ही बाजूंचे वेल्डिंग उजेडात बघा. रंगाला केसाएवढी जरी रेघ गेलेली दिसली तरी ती सायकल घेऊ नये, कारण ॲल्युमिनियमचा सांगाडा तेथे पुन्हा वेल्ड करून भरवशाचा होत नाही. टायर, ट्यूब, साखळी, ब्रेकच्या गुटक्या या जुन्या असल्या तरी हरकत नाही, किंमत तेवढी कमी करून घ्यावी. शेवटी त्या मॉडेलचा खटका सुटा विकत मिळतो का, याची चौकशी करा. बिजागरीचे भाग बहुधा एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीच्या सायकलला चालत नाहीत, आणि तो मिळत नसेल तर स्वस्तातला हा सौदा मी तरी करणार नाही.