आमदारकीचा खर्च ४० लाखात बसतोच कसा?

पेठेतला_मतदार:
मंडळी, विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. आमच्या मंगळवार पेठेत प्रचार सुरू झाला की रोज रात्री तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणावळी, तालमींना साहित्य, गाड्या, पोरांना पेट्रोल, आणि शेवटच्या दोन रात्री पाकिटं फिरत्यात ती वेगळीच. हे सगळं ४० लाखात कुठं बसतंय? कायदा आहे की नाही?

करवीर_वकील:
कायदा आहे पण मर्यादा फक्त उमेदवाराला आहे, पक्षाला काहीच नाही, खरं दुखणं ते. १९७४ ला सुप्रीम कोर्टानं कंवरलाल गुप्ता केसमध्ये सांगितलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चपण त्याच्याच हिशोबात धरा, तर सरकारनं लगेच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मध्ये बदल करून तो बाहेर काढला. २००३ ला जरा आवळलं, तरी स्टार प्रचारकांचं हेलिकॉप्टर अजून बाहेरच. जेवणावळी मात्र हिशोबात यायलाच पाहिजेत. पाकिटं कोण दाखवणार, ती सरळ लाच आहे.

शाहूपुरी_ताई:
आणि पक्षाकडं पैसा येतो कुठनं ते पण बघा ना. २०१७ पर्यंत कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, ती मर्यादाच काढून टाकली, निवडणूक रोखे आणले, म्हणजे बँकेतनं घेऊन पक्षाला नाव न सांगता देणगी द्यायचे कागद, आणि हे सगळं धन विधेयक म्हणून मंजूर केलं म्हणजे राज्यसभेला अडवताच येऊ नये. देणगीचे नियम देणगी घेणाऱ्यांनीच बदलले, मला याचा फार राग येतो. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं रोखे रद्द केले तेव्हा कुठं देणगीदारांची नावं बाहेर आली. ज्याच्या पैशावर निवडून आलाय त्याच्याविरुद्ध ऊसदरावर सभागृहात तोंड उघडणार कोण?

रंकाळा_काठ:
भावा, एक काम आपल्या हातात आहे. निकालानंतर ३० दिवसात उमेदवाराला हिशोब द्यावा लागतो, आणि निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ८८ प्रमाणं तो १ रुपया फी भरून कुणालाबी बघता येतो, नक्कल पण मिळते. ताट, मंडप, खुर्ची यांचे दर प्रशासन आधीच ठरवतं आणि निरीक्षकांची टीम व्हिडिओ काढून स्वतःचं शॅडो रजिस्टर, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची वेगळी नोंदवही, ठेवते, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतंय. आणि प्रचार चालू असताना निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर फोटो टाकायचा, १०० मिनिटात दखल घ्यायची असं आयोगानंच ठरवलंय. आपल्यात अडतंय कुठं, तर तक्रार करायची कुणी, जेवायला सगळी पेठच असते.

पेठेतला_मतदार:
व्हय, ते खरंय. जेवणावळीचे फोटो मंडळाच्या पोरांच्या स्टेटसला होते, ते तारखेनुसार लावून घेतो. अर्ज कुणाच्या नावानं करायचा?

रंकाळा_काठ:
जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे कलेक्टरच. निवडणूक शाखेत जा, मी पण येतो सोबत.