मदत हवी आहे: कॅम्पिंगसाठी चाकू आणि छोटी कुऱ्हाड

मंडळी, वेल्ह्याकडे मित्राच्या शेतावर आम्ही महिन्यातून एकदा तंबू टाकून राहतो, चूल तिथंच, वाळकी लाकडं बांधावरची. गेल्या वेळी ऑनलाइन घेतलेली छोटी कुऱ्हाड तिसऱ्याच घावाला दांड्यातून निसटली आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर जाऊन पडली. बघितलं तर पाचरच नाही, नुसता गोंद ओतलेला!! आता गावच्या लोहाराकडून पातं घेऊन बाभळीचा दांडा बसवावा म्हणतोय, तो म्हणतो कमानपाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं) करून देतो, पण वजन किती सांगू? अर्धा किलो पुरेल का, सॅकमधून न्यायचीय.

चाकूचं म्हणाल तर स्वीडनच्या मोरा कंपनीचा घ्यायचं जवळपास ठरलंय, पातं साधारण चार इंच, फोल्डिंग नको कारण चिखल गेला की बिजागरी अडकते. घोडं अडलंय ते कार्बन स्टील की स्टेनलेस यावर. कार्बनला धार पटकन लागते हे मान्य, पण मावळातला जुलै म्हणजे तेल लावून ठेवलं तरी सकाळी तांबेरा, कुणी खरंच पावसाळाभर वापरलाय का?

कोयता सुचवू नका प्लीज, काम मस्त करतो पण पुण्यातून बाइकवर कोयता घेऊन निघालो तर नाक्यावर पोलिसांना काय सांगू, कॅम्पिंगला चाललोय? ९ इंचांपेक्षा लांब पात्याचा नियम माहितीय, त्याच्या आतलंच सांगा. बजेट दोन्ही मिळून ४००० पर्यंत.