फसव्या वाराला काय म्हणाल : हूल, हुलकावणी की आमिष?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या इटालियन तलवारबाजीवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'फिंता' हा शब्द पावलोपावली येतो. छातीच्या एका बाजूला भोसकतोय असं दाखवायचं, समोरचा अडवायला गेला की आपलं पातं त्याच्या पात्याखालून काढून दुसरीकडे घुसवायचं. मी 'हुलकावणी' लिहिलंय, पण कानाला खटकतंय.

उत्तर : खटकणारच. हुलकावणी देतो तो निसटणारा. खो-खोत पळणारा देतो, जूनमध्ये पाऊस देतो (आणि पाऊस काही कोणाला भोसकत नाही). मारायला आलेल्याने दिली तर ती 'हूल'. बिनधास्त 'हूल' लिहा.

दुसरं उत्तर : हूल ठीक. पण जर्मन लांब तलवारीच्या परंपरेत, लिश्टेनाउअर या जुन्या तलवारगुरूच्या शिकवणीत, यालाच 'फेलर' म्हणतात. आजच्या जर्मनीत त्याचा अर्थ 'चूक'! म्हणजे मुद्दाम चुकवलेला वार. आपल्याकडे मात्र 'वार चुकवला' म्हटलं की ज्याच्यावर वार झाला त्याने चुकवला, मारणाऱ्याने नव्हे. त्या शिकवणीवरचं जुनं भाष्य सांगतं की ज्यांना वार अडवायची हौस आहे, जे अंगाऐवजी तलवारीवरच मारत सुटतात, ते याला फसतात.

प्रश्नकर्ता : माझी खरी अडचण तिथेच आहे. मुरलेला गडी फसत नाही. इटालियन तलवारगुरू कापो फेर्रो (त्याचा ग्रंथ सिएना, 1610) तर हूल देण्याच्याच विरोधात आहे. त्याचं म्हणणं साधारण असं : हूल टप्प्याबाहेरून दिलीत तर मी हलायचं कशाला? टप्प्यात येऊन दिलीत तर तुम्ही हूल देत असतानाच मी तुम्हाला भोसकतो. अशा माणसासमोर जे करतात, मुद्दाम अंग उघडं ठेवायचं आणि तो वार करायला निघाला की त्याच क्षणी त्याला गाठायचं, त्या 'कोंत्रातेंपो'ला काय म्हणू?

उत्तर : 'काटशह' सुचला होता, पण त्यात शह आधी समोरच्याने दिलेला असतो. इथे तो आपण द्यायला लावतो. अंग उघडं ठेवणं म्हणजे 'आमिष', पुढचा वार 'प्रतिवार'. दोन शब्द लागतील. एकात कोंबू नका.

दुसरं उत्तर : 'चकवा' का नको?

उत्तर : चकवा लागला की माणूस रात्रभर शेतात फिरतो. इथे तो शुद्धीत, नीट विचार करून, पात्याच्या टोकावर येतो.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं केलं : 'हूल तो ओळखतो, त्याला आमिष दाखवावं, आणि तो झेपावला की हात लांब करावा.'

उत्तर : 'हात लांब करावा' नको हो, भीक मागतोय असं वाटतं. 'टोक पुढे धरावं' करा.