मॅकॉलिफच्या चार नेक म्हणजे म्हणे सर्कस!

रॉडवाला

जुन्या गिटारींच्या धाग्यावर नॅशव्हिलकर यांनी जाता जाता एक पिंक टाकली होती: "लिऑन मॅकॉलिफला चार नेकची स्टील गिटार लागायची, कारण एका नेकवर त्याला सगळे कॉर्ड जमत नव्हते. पेडल आले आणि ही सर्कस संपली." (नेक म्हणजे तारा ताणलेली दांडी; प्रत्येकीचं ट्यूनिंग वेगळं.) तिथे चर्चा भलत्याच विषयावर चालली होती म्हणून गप्प बसलो. पण हे वाक्य पचत नाहीये, तेव्हा वेगळा धागा.

साहेब, मॅकॉलिफ १९३५ मध्ये बॉब विल्सच्या टेक्सास प्लेबॉइज या वेस्टर्न स्विंग (कंट्री आणि जॅझ मिसळलेलं नाचाचं संगीत) बँडमध्ये आला तेव्हा अठरा वर्षांचा पोर होता. पेडल स्टील, म्हणजे पायानं पेडल दाबून तारेचा सूर बदलता येतो ती गिटार, तेव्हा बाजारात नव्हतीच. वाद्य आडवं, उजव्या हातात नख्या, डाव्या हातात लोखंडी रॉड. रॉड सरळ ठेवलात की ट्यूनिंगमध्ये असेल तेवढंच मिळणार. सी-सिक्स नावाचं ट्यूनिंग लावलंत तर तारांवर सा ग प ध. त्यातल्याच ध ला सा धरा, झाला सा, कोमल ग, प, कोमल नी. म्हणजे एका जागी मेजर सिक्स्थ आणि मायनर सेव्हन्थ, दोन्ही कॉर्ड फुकट. पण शुद्ध ग आणि कोमल नी एकत्र हवे असतील तर? रॉड तिरका धरून दोन-तीन तारांपुरतं जमवता येतं, पण समोर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असताना तेवढ्यानं पोट भरत नाही. म्हणून शेजारच्या नेकवर ई-थर्टीन्थ, जिच्यात कोमल नी आयती लावलेली. रात्रभर नाच चाललाय, गाण्यागणिक पट्टी बदलतेय, तिथे खुंट्या पिळत कोण बसणार?

फेंडर कंपनीची स्ट्रिंगमास्टर ही स्टील गिटार १९५३ ची. दोन, तीन किंवा चार नेक, आठ-आठ तारा, प्रत्येक नेकला दोन पिकअप (तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे). तिच्या आधी मॅकॉलिफ रिकनबॅकर कंपनीची वाजवत होता. लिओ फेंडरनं टेलिकास्टर या गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या आधी धंदा सुरू केला तोच स्टील गिटारी आणि अँप्लिफायर करून, आणि वाद्य घडवताना तो नोएल बॉग्जसारख्या वेस्टर्न स्विंगवाल्यांच्या तक्रारी ऐकायचा. तुमच्या 'सर्कशी'तल्या लोकांनी त्याला वाद्य शिकवलंय.

नॅशव्हिलकर

एका वाक्यावर एवढा निबंध? मजा आली. आता माझं ऐका.

चार नेक म्हणजे चार वेगवेगळी वाद्यं एका टेबलावर ठेवणं. एका नेकवरून दुसरीवर उडी मारली की मधला सूर तुटतो. पेडलमध्ये तार वाजत असतानाच चढते, बाकीच्या तारा जागच्या जागी. स्टीलवादक स्पीडी वेस्टला वाद्य घडवणाऱ्या पॉल बिग्जबीनं १९४८ मध्ये पेडलवाली तीन नेकची गिटार करून दिली. पुढे १९५४ च्या सुमारास वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सनं वाजत्या तारेखाली पेडल दाबला आणि नॅशव्हिलमधल्या झाडून सगळ्या स्टीलवाल्यांची झोप उडाली. ज्याला जमलं त्यानं पेडल बसवून घेतले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वाद्य अपुरं होतं म्हणूनच बदललं ना?

आणि तुमच्या हिरोच्या ज्या 'स्टील गिटार रॅग'वर त्याचं दुकान उभं आहे, ती मुळात सिल्व्हेस्टर वीव्हरची 'गिटार रॅग'. लुईव्हिलचा काळा वादक, १९२३ मध्ये ओके कंपनीसाठी रेकॉर्ड करून मोकळा झालेला. १९३६ मध्ये मॅकॉलिफनं ती वाजवली आणि नाव त्याचं लागलं. यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, सोयीस्कर आहे.

टल्सावासी

मध्ये पडतो. मी नोकरीमुळे ओक्लाहोमातल्या टल्सात राहतो आणि केन्स बॉलरूम या नाचाच्या हॉलमध्ये जाऊन आलोय. बाहेरून आपल्याकडच्या जुन्या टॉकीजसारखी इमारत, आत छताला निऑनचा तारा, भिंतीवर जुन्या कलाकारांचे मोठाले फोटो, खाली मेपलची लाकडी जमीन. बॉब विल्सचा केव्हीओओ रेडिओवरचा कार्यक्रम तिथून व्हायचा. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. त्यांच्या वडिलांनी शेतात ट्रॅक्टर थांबवून तो दुपारचा कार्यक्रम ऐकलेला. "टेक इट अवे, लिऑन" ही विल्सची हाक ते आजोबा असे मारून दाखवत होते की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून बघितलं.

ट्रॅक्टरवरच्या माणसाला नेक किती आणि पेडल किती याच्याशी काय देणंघेणं? त्यानं लिऑन ऐकला.

नॅशव्हिलकर

आजोबा गोड असतील, पण हा पुरावा नव्हे.

निषाद_कोमल

तुम्ही दोघेही स्टीलवाल्या बॉब डनला विसरून भांडताय. जानेवारी १९३५, मिल्टन ब्राऊनच्या म्युझिकल ब्राउनीज या बँडबरोबर. कंट्रीच्या रेकॉर्डवर विजेवर चालणारं वाद्य पहिल्यांदा आणलं ते त्यानं. वाद्य काय, तर मार्टिनची साधी लाकडी गिटार, तारा वर उचललेल्या, त्यावर बाहेरून बसवलेला व्होलूटोनचा पिकअप, आणि तो चालावा म्हणून तारांना चुंबकत्व द्यावं लागायचं. एकच नेक, तीही जुगाडाची. तरी ऐका, ट्रोम्बोनवाला मध्येच फुंकर मारून थांबावा तसे त्याचे तुकडे येतात. मॅकॉलिफ त्याच्या मागून आला आणि त्यानं ते सगळं घासूनपुसून, गोड करून सभ्य लोकांत नेलं. चांगलं केलं, पण पहिला मान डनचा.

वीव्हरबद्दल नॅशव्हिलकर बरोबर आहेत. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ लावा. सुरुवातीलाच कळतं.

वीणावादी

या सगळ्या गोऱ्यांच्या कौतुकात एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. तारेवर काहीतरी घासत सूर काढणं ही आपली विद्या. विचित्र वीणा बघा, दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम बघा. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा भारतात जन्मलेला मुलगा जहाजावरून होनोलुलूला गेला आणि त्यानं तिथे हे दाखवलं, असा दावा फार जुना आहे. हवाईवाल्यांनी उचललं, अमेरिकनांनी विजेला जोडलं, आणि आपण इथे फेंडर-फेंडर करतोय!

रॉडवाला

आला का हा विषय! आता विमानही आपलंच.

जोसेफ केकुकु हे नाव ऐकलंय का? ओआहू बेटावरचा मुलगा, कामेहामेहा शाळेत शिकलेला. त्यानं ही पद्धत नुसती शोधली नाही, घासून घासून तंत्र बनवलं, १९०४ मध्ये अमेरिकेत गेला आणि वर्षानुवर्षं वाजवत, शिकवत फिरला. पुढे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची साथच पसरली. त्या साथीतून टेक्सासच्या पोरांच्या हातात रॉड आला. डेव्हियनची गोष्ट खरी धरली तरी एका मुलानं काहीतरी वाजवून दाखवणं आणि एका बेटानं वाद्य घडवणं यात फरक आहे.

वीणावादी

विमानाचा टोमणा अनावश्यक होता. मी 'दावा' म्हणालो, 'सिद्ध' म्हणालो नाही. आणि गोट्टुवाद्यम दक्षिणेत नावारूपाला कोणी आणलं? तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी. सखाराम! आता बोला.

निषाद_कोमल

सखाराम नाव आहे म्हणून वाद्य मराठी, आणि वाद्य मराठी म्हणून बॉब विल्स कोल्हापूरचा. जय हो.

वीणेचा इतिहास मोठा आहे, त्याला अमेरिकेच्या रेकॉर्डची पावती कशाला हवी? सरकतं वाजवणं दोन ठिकाणी वेगवेगळं सुचू शकतं. वीव्हर तर तारांवर सुरी फिरवत होता. तो काय तंजावरला शिकून आला होता?

वीणावादी

तुमच्यासारख्यांना आपलं काही म्हटलं की झोंबतं. बाहेरच्यांनी म्हटलं असतं तर लगेच लेख लिहिले असते. मोहन वीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा मात्र सगळे नाचले.

निषाद_कोमल

मोहन वीणा म्हणजे गिटार. विश्वमोहन भट्टांनी पाश्चात्त्य गिटार घेतली, तिला चिकारी-तरफेच्या जास्तीच्या तारा लावल्या. त्यांच्याही आधी ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग मांडले, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये ऐका. म्हणजे प्रवास उलटा झाला, तिकडून इकडे. तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा बसला.

मेळ्यातला_गडी

वाद चांगलाय, पण तुम्ही सगळे रेकॉर्ड ऐकणारे. मी वाजवलंय.

आमच्या मामाकडे कलकत्त्याहून आणलेली हवाईयन गिटार होती. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मामा खुर्चीवर बसून ती मांडीवर घ्यायचा आणि 'आवारा'तली गाणी काढायचा. व्हॅन शिपले त्याचा देव. शिपले आणि आमच्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स, गिटार आणि अकॉर्डियन, यांच्या तबकड्या त्यानं इतक्या वाजवल्या की सुई घासून गेली. मामा सांगायचा, रॉड दाबायचा नाही, तारेवर तरंगत ठेवायचा. दाबला की तार फ्रेटला लागते आणि खडखडते. त्याच्या करंगळीच्या बाजूचा तळहात रॉडच्या मागे तारांवर हलका टेकलेला असायचा, नाहीतर मागची तार कुणकुणते. मी फ्रेटवरची रेघ बघून रॉड ठेवायचो, तर मामा डोळ्यांवर पंचा बांधायचा. "रेघ कशाला बघतोस, कान काय भाड्यानं दिलेत?"

मग कीबोर्ड आले. एका बटणावर हवाईयन गिटार, दुसऱ्यावर सतार, तिसऱ्यावर बाई 'आऽऽ' करते. मंडळानं मामाला सांगितलं, आता तुमची खुर्ची नको, जागा अडते. पेडल की चार नेक हा तुमचा वाद मला श्रीमंतांचा वाटतो. आमच्याकडे सहा तारांचीच खुर्ची गेली.

टल्सावासी

+१. मामांना दंडवत.

नॅशव्हिलकर

मामांबद्दल आदर आहे, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. सोपं वाद्य आलं की अवघड वाद्य जातं. स्ट्रिंगमास्टरचं तेच झालं.

मेळ्यातला_गडी

म्हणजे तुमचा पेडल म्हणजे आमच्या मंडळाचा कीबोर्ड? बरं झालं तुम्हीच बोललात.

रॉडवाला

😂 गडी, जिंकलात.

नॅशव्हिलकर, 'वाद्य अपुरं होतं म्हणून बदललं' हे तुमचं वाक्य घेऊ. स्टीलवादक जेरी बर्डला पेडल नको होते. आयुष्यभर रॉड आणि कान यावर भागवलं, तिरका रॉड असा धरायचा की पेडलवाले चाट पडायचे. वॉकिन मर्फी स्पेड कूलीच्या बँडमध्ये पेडलशिवाय जे सोलो वाजवून गेला ते नंतरच्या पेडलवाल्यांनी तोंडपाठ केले. अपुऱ्या वाद्यावरचे सोलो कोणी पाठ करतं का?

नॅशव्हिलकर

आणि बर्डचं काय झालं? पेडलची लाट आल्यावर नॅशव्हिलमधलं काम आटलं, १९७२ मध्ये हवाईला निघून गेला.

मर्फीबद्दल मात्र वाद घालत नाही. तो माणूस वेगळाच होता.

रॉडवाला

काम आटलं म्हणजे वाद्य अपुरं, हा हिशोब कुठला? मग मामांची गिटारही अपुरी म्हणा, इथेच, गडींच्या समोर.

हवाईला जाऊन बर्ड काय करत बसला होता? हवाईच्याच पोरांना स्टील गिटार शिकवत होता.

निषाद_कोमल

एक गोष्ट दोघांनीही टाळलीय. मॅकॉलिफ फक्त सोलोवाला नव्हता. १९४१ ची 'ट्विन गिटार स्पेशल' ऐका. एल्डन शॅम्ब्लिनची साधी गिटार आणि याची स्टील, दोन्ही जोडीनं, ट्रम्पेटच्या सेक्शनसारखी लिहून वाजवलेली. इथे रॉडवाल्याला सरकायची मुभाच नाही. शॅम्ब्लिनचं बोट फ्रेटवर पडतं त्याच क्षणी याचा रॉड त्याच सुरावर हवा, आधी नाही, नंतर नाही. आपल्याकडे संवादिनीबरोबर सारंगी लावून द्रुत तान घ्यायला सांगा, कळेल काय मागणी आहे ते. आणि स्ट्रिंगमास्टर यायला अजून बारा वर्षं होती, त्यामुळे चार नेकचं श्रेयही नाही आणि चार नेकचा दोषही नाही.

नॅशव्हिलकर

पुन्हा ऐकली. दोनदा. 'एका नेकवर जमत नव्हतं' हे वाक्य मागे घेतो. समाधान झालं असेल तर कोणीतरी पेढे वाटा.

'सर्कस' मात्र मागे घेणार नाही. बँडमध्ये सगळे उभे आणि हा एका इस्त्रीच्या टेबलामागे. दिसायला सर्कसच.

रॉडवाला

दिसायला म्हणत असाल तर माझी हरकत नाही. वीव्हरचंही मान्य, तबकडीवर त्याचं नाव हवं होतं. डनचा मुद्दा निषाद यांनी आधीच जिंकलाय.

गडी, मामांची गिटार आहे का अजून? नट (तारा टेकतात ती वरची पट्टी) उचललेलं आहे की साध्या गिटारला वरून पट्टी लावलीय? आणि तारा कुठल्या लावता? पुण्यात हवाईयनचा सेट मागितला की दुकानदार माझ्याकडे असा बघतो जणू मी घोड्याची नाल मागितलीय.

मेळ्यातला_गडी

आहे. वरून पितळी पट्टी लावलेली आहे, मामानंच कानशीनं घासलेली. तारा मी सुट्ट्या घेतो, जाडी बघून. सेटच्या नादाला लागू नका. रॉड पण हरवलाय, सध्या स्पार्क प्लगच्या सॉकेटवर भागवतो.

वीणावादी

रॉड नसेल तर काचेचा गोळा घ्या. विचित्र वीणेवर तोच वापरतात. आधीच सांगत होतो.