ब्लू नोट विकली, यात लायनचं काय चुकलं?

मंद्रसप्तक
आल्फ्रेड लायनने १९६५ साली ब्लू नोट ही आपली जॅझच्या तबकड्यांची कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकून टाकली. अनेक रसिकांना हा आजही द्रोह वाटतो. मला अजिबात नाही. बर्लिन सोडून आलेल्या या माणसाने १९३९मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली, बालमित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला आणि सव्वीस वर्षं ती दोघांनी ओढली. तिला घरघर लागली ती यशामुळे! ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची तबकडी 'द साइडवाइंडर' १९६४मध्ये धो धो खपली. मग वितरकांना दर वेळी तसंच काहीतरी हवं. त्यात तबकड्या छापायचा खर्च आधी आणि वसुली नंतर, तीही रखडत. तब्येत साथ देत नसताना त्याने आणखी किती ताणायचं?

गिरगावकर
असहमत. विकली ती कुणाची मेहनत? टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या टीना ब्रुक्सने तिथे स्वतःच्या नावाने चार रेकॉर्डिंग केली. त्याच्या हयातीत बाहेर आली फक्त 'ट्रू ब्लू'. बाकीच्या टेप पडून राहिल्या आणि १९७४मध्ये तो गेला. टेप त्याच्या मालकीच्या असत्या तर निदान दुसऱ्या कंपनीचं दार तरी ठोठावता आलं असतं. १९७१मध्ये चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल या वादकांनी स्ट्राटा-ईस्ट काढली, तिथे मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, वादकाकडेच राहायची. खरी स्वतंत्र कंपनी ती!

रानवाट
मालकीचा मुद्दा बिनतोड आहे. पण गिरगावकर, लायन तालमीचेही पैसे द्यायचा, हे विसरू नका. एरवी वादक थेट माइकसमोर उभे राहायचे. इथे नव्या रचना आधी बसवून घेतल्या जायच्या, म्हणून पाच जणांचं वादन इतकं घट्ट वाटतं. आणि रेकॉर्डिंग कुठे, तर न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात! हा गृहस्थ दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा. पियानोवादक थेलोनियस मंक खपत नव्हता, तरी १९४७ ते ५२ लायनने त्याला सोडलं नाही.

सायंतारा
पुढे १९८५मध्ये ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीने ब्लू नोट पुन्हा उभी केली आणि २००२मध्ये नोरा जोन्सचा (रविशंकरांची मुलगी) पहिला अल्बम तिथूनच आला. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय हे झालं असतं?

गिरगावकर
रानवाट, तालमीचा पैसा एकदाच मिळतो, तबकडी पन्नास वर्षं विकली जाते. लायनचा कान थोर होता, दुमत नाही. पण विकताना प्रत्येक वादकाला त्याची न निघालेली टेप परत देता आली असती, आणि माझं भांडण तेवढंच आहे.