उन्हाची सवय खरंच पेशींना होते, की नुसतं मनाला वाटतं?

बुटीबोरी_बी_शिफ्ट यांचा प्रश्न:

मंडळी, मी मूळचा पुण्याचा. फेब्रुवारीत बदली होऊन नागपूरला आलो. बुटीबोरीला कास्टिंगच्या शॉपमध्ये काम आहे, म्हणजे बाहेर ऊन आणि आत भट्टी. एप्रिलच्या सुरुवातीला पारा ४२ वर गेला तेव्हा शिफ्ट संपेपर्यंत डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटायचे. आता मे अर्धा सरला, पारा ४५ च्या आसपास आहे, आणि त्रास उलट कमी झालाय. घाम मात्र आधीपेक्षा लवकर सुटतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली, शर्टावरचे ते पट्टे फिक्के झालेत.

शॉपमधले म्हणतात, "आता तू नागपुरी झाला बे." ठीक आहे, पण झालं काय नेमकं? पेशींमध्ये काही बदलतं का? रूम पार्टनरचं म्हणणं की एसी लावला तर ही सवय मोडेल, म्हणून तो मला कूलरवरच झोपवतो. यात तथ्य आहे का? शिवाय आमच्या स्टोअरमध्ये नरखेडचे एक काका आहेत, त्यांची संत्र्याची बाग आहे. ते म्हणाले, "झाडालाही आम्ही ताण देतो, तेव्हाच ते फुलतं." हे सगळं एकच प्रकरण आहे की मी उगाच जोडतोय?

---

सांबारवडी_सीताबर्डी:

खिशात कांदा ठेवा, कानाला दुपट्टा बांधा, बाकी विज्ञान पावसाळ्यात. कांद्यानं पेशीचं काय होते मला ठाऊक नाही. माझी आजी कांदा सांगायची अन् स्वतः अकरा ते पाच दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती. त्यातलं औषध कोणतं ते तुम्हीच ठरवा.

---

काटोल_संत्रा:

भाऊ, तुझ्या शर्टापासूनच सुरू करतो, कारण तिथं अर्धं उत्तर लिहून ठेवलेलं आहे.

उन्हात रोज राबलं की पहिल्या काही दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. मग घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, आणि घामग्रंथी त्यातलं मीठ परत ओढून घ्यायला लागतात. अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्यांना तसं करायला लावतं. म्हणून पट्टे फिक्के. या सगळ्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. हे झालं शरीराच्या पातळीवरचं.

आता पेशीचं. मी नागपूर विद्यापीठातून बायोटेक केलं, काही वर्षं लॅबमध्ये यीस्ट वाढवलं, मग वडिलांचे गुडघे गेले म्हणून बागेत परत आलो. तेव्हा दोन्हीकडचं बोलतो.

यीस्टचा एक प्रयोग आम्ही नव्या पोरांना हमखास करायला लावायचो. एकाच फ्लास्कमधल्या, पंचवीस अंशांवर वाढलेल्या यीस्टचे दोन भाग करायचे. एक भाग थेट पन्नास अंशांच्या वॉटर बाथमध्ये. दुसरा आधी अर्धा-पाऊण तास सदतीसवर ठेवायचा आणि मग त्याच पन्नासमध्ये, तेवढाच वेळ. दोन्ही प्लेटवर पसरून इन्क्युबेटरमध्ये. दोन दिवसांनी झाकण उघडलं की पहिल्या प्लेटवर इकडेतिकडे चुकार ठिपके, आणि दुसरीवर साबुदाण्यासारख्या पांढऱ्या वसाहती गच्च. यीस्ट तेच, त्याचे जीनही तेच. फरक फक्त मधल्या त्या सदतीस अंशांचा.

त्या अर्ध्या तासात काय घडतं? पेशीतली प्रथिनं विशिष्ट घडी घालून बसलेली असतात, त्या घडीवरच त्यांचं काम चालतं. उष्णतेनं घडी सुटते, आत लपलेले पाणी न मानणारे भाग उघडे पडतात, आणि ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. अंडं उकडताना पांढऱ्याचं जे होतं ते हेच. यावर पेशीकडे एचएसपी ७०, एचएसपी ९० (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन) अशी राखणदार प्रथिनं असतात. ती सुटलेल्या प्रथिनाला धरतात, गोळा होऊ देत नाहीत, पुन्हा घडी घालायला संधी देतात.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे धोक्याची घंटा कशी वाजते ती. एचएसएफ १ नावाचं एक प्रथिन आहे. एरवी हीच राखणदार प्रथिनं त्याला धरून गप्प बसवतात. तापमान वाढलं, घड्या सुटायला लागल्या, की राखणदार तिकडे धावतात आणि एचएसएफ १ मोकळा सुटतो. मग तीन-तीन मिळून त्यांची जोडणी होते, ती केंद्रकात जाऊन डीएनएवर ठरलेल्या जागी बसते आणि आणखी राखणदार बनवायचा हुकूम सुटतो. पुरेसे राखणदार झाले की उरलेले पुन्हा एचएसएफ १ ला पकडतात आणि हुकूम थांबतो. म्हणजे पेशी नुसता पारा मोजत बसत नाही, आत किती पडझड झाली ते मोजते.

हे सापडलं तेही मजेशीर रीतीनं. फेरुचिओ रितोसा नावाचे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघत होते. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि यांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले, म्हणजे तिथले जीन चालू झालेले. ते १९६२ मध्ये छापून आलं. त्या जीनमधून निघणारी प्रथिनं दिसायला १९७४ उजाडलं. बारा वर्षं फारसं कुणी विचारलंही नाही. आज जिवाणूपासून गव्हापर्यंत आणि माशीपासून माणसापर्यंत हीच यंत्रणा थोड्याफार फरकानं सापडते.

पण हे फुकट नाही, आणि लोक नेमकं इथंच विसरतात. मांडवाला आग लागली की पंगत वाढणं थांबतं, तसं पेशी या काळात बाकीची प्रथिनं बनवणं बंद करते. वाढ बंद, विभाजन बंद. अर्धवट राहिलेले आरएनए बाजूला गोळा करून ठेवते. वाचणं हे एकच काम. असं तासभर चाललं तर ठीक, रात्रंदिवस चाललं तर पेशी खंगते आणि शेवटी स्वतःला संपवते.

तुझ्या एसीचं. उन्हाची सवय मोडते, पण एका रात्रीत नाही. उन्हाशी संबंध पूर्ण तुटला तर काही आठवड्यांत ओसरते. म्हणून सुट्टीवरून आलेला माणूस पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट करतो तेव्हा पडतो. तू रोज भट्टीपाशी उभा राहतोस, रात्री एसीत झोपलास तर काही बिघडत नाही, उलट दिवसभरात सुटलेल्या घड्या नीट व्हायला तीच वेळ मिळते. पार्टनरला लाइट बिल वाचवायचं असेल तर तसं सांगावं म्हणा त्यानं.

संत्र्याचं रात्री लिहितो, आता ड्रिपच्या नळ्या बघायच्या आहेत.

---

कॅज्युअल्टी_ताई:

काटोलच्या दादांनी छान सांगितलं, मी वॉर्डातलं सांगते. आमच्याकडे उष्माघाताचे पेशंट भर मेमध्ये येतात तसे पहिल्या मोठ्या लाटेतही येतात, तेव्हा कुणालाच सवय झालेली नसते. शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, की "सवय आहे त्याला" हे वाक्य बंद करायचं. त्या तापमानाला आतड्याचं अस्तर गळायला लागतं, तिथल्या जिवाणूंचं विष रक्तात उतरतं, मग किडनी, लिव्हर असं एकेक जातं.

शॉपवाल्या भावासाठी मुद्दाम: राबणाऱ्या माणसाला उष्माघात झाला तर अंग कोरडं पडेलच असं नाही, घाम चालू असतानाही होतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि हे करता करता १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या जातीचा नाही, गोळीनं उतरत नाही. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

---

त्रिमूर्तीनगर_प्रभात:

म्हणजे थोडा त्रास शरीराला चांगलाच, बरोबर? मी रोज गार पाण्यानं आंघोळ करतो, आठवड्यातून एक कडक उपास, आणि आता सौनाचं पॅकेज घेतोय. उपासानं पेशी स्वतःची सफाई करतात त्याला नोबेलही मिळालंय.

---

काटोल_संत्रा:

प्रभातजी, नोबेल मिळालं ते २०१६ मध्ये योशिनोरी ओसुमी यांना, आणि ते यीस्टमध्ये पेशी आपलेच निकामी भाग कसे मोडून खाते, त्यामागचे जीन कोणते, हे शोधल्याबद्दल. तुमच्या-माझ्या एकादशीला ते मिळालेलं नाही. उपाशी पेशी सफाई वाढवते हे खरं. पण किती उपास, कुणाला, किती दिवस, हे त्या यीस्टला विचारून कळत नाही.

दुसरं, "राखणदार जास्त तेवढं चांगलं" हेही खरं नाही. कॅन्सरच्या पेशी याच एचएसपी ९० वर तगून असतात. त्यांची बिघडलेली प्रथिनं एरवी कोसळली असती, राखणदार त्यांना उभं धरतात. ऑक्सिजन कमी पडला की पेशी कशी जुळवून घेते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं (केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा), त्यातली यंत्रणाही गाठी वापरतात, स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्यायला. ही यंत्रणा ज्या पेशीत आहे त्या पेशीला वाचवते. ती पेशी तुमच्या भल्याची आहे की नाही हे ती पाहत नाही. सौना घ्या खुशाल, पण पॅकेज विकणाऱ्यानं पेशींचं नाव घेतलं की पाकीट घट्ट धरा.

आता संत्र्याचं. नरखेडच्या काकांची गोष्ट नात्यातली आहे, पण तीच नाही. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आम्ही डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो. मुळांना ओल कमी पडली की झाडात ॲबसिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं, पानांची रंध्रं मिटतात, पेशी प्रोलिनसारखे पदार्थ साठवून आतलं पाणी धरून ठेवतात. नवी पालवी थांबते, साखर-स्टार्च फांदीत साठतं. आणि पानांत फुलोऱ्याचा इशारा देणारा जीन जोर धरतो. लिंबूवर्गात हा जीन थंडीनंही चालू होतो आणि पाण्याच्या ताणानंही. म्हणून आंबियाला अर्धं काम आपल्या थंडीच्या रात्री करतात, आपण फक्त पाणी तोडतो. हलक्या जमिनीत लवकर भागतं, भारी काळीत ओल हटता हटत नाही, तिथं जास्त दिवस धरावं लागतं.

मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याचं, गणित वेगळं. तिथं ताण मे महिन्यात द्यायचा. पान उन्हात स्वतःला थंड ठेवतं ते रंध्रांतून पाणी उडवून. तुम्ही पाणी तोडलंत, रंध्रं मिटली, की पान हवेपेक्षाही तापतं. म्हणजे एकाच पेशीवर कोरडही आली आणि उष्णताही, आणि रंध्रं मिटल्यामुळं कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, साखर बनत नाही, तर राखणदार प्रथिनं बनवायला बळ आणायचं कुठून? वरून पाऊस कधी येईल ते आपल्या हातात नाही. मृगाच्या फळाला मार्चमध्ये मिळणाऱ्या भावाला भुलून लोक मृग धरतात, आणि मग बागेत सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, दिसायला लागते. मी मृग धरत नाही. शेजारी मला भित्रा म्हणतात.

---

बुटीबोरी_बी_शिफ्ट:

दादा, ताई, फार आभार. १०८ चं आणि बर्फाचं शॉपच्या फळ्यावर लिहून टाकलं. सुट्टीवरून येणाऱ्यांना पहिले काही दिवस भट्टीपासून लांब ठेवा असं सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणाले, "माणसं कुठून आणू?" पण एकाला तरी पॅकिंगला टाकलं. एसीचं पार्टनरला वाचून दाखवलं, तो तेव्हापासून बोलत नाही.

---

वरूड_मृग:

काटोलवाले भाऊ, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझी मृगाची बाग ताणावर हाये. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर, पानं गुंडाळून रायली, खालची पिवळी पडून गळून रायली. जमीन हलकी, मुरमाड. घरचे म्हणते धीर धर, ताण अर्धा तुटला तर फुलही जाईन अन् पाणीही जाईन. का करावं?

---

काटोल_संत्रा:

भाऊ, दुपारी पाहू नका, दुपारी सगळ्यांचीच पानं गुंडाळलेली असतात. उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी बागेत जा. पान रात्रीतून उघडून ताठ झालं असेल तर पेशी अजून सावरून घेत आहेत, थोडे दिवस काढतील. सकाळीही मलूलच असेल, किंवा शेंड्याची कोवळी काडी नखानं खरवडून आत हिरवं न दिसता तपकिरी दिसलं, तर बहाराचा विचार सोडा आणि पाणी द्या. एकदम भरपूर नाही, पहिलं हलकं, मग हळूहळू वाढवत. मुरमाड जमिनीत हा निर्णय दोन दिवसही लांबवू नका. आळ्यात गवताचं किंवा कुटाराचं (भुशाचं) आच्छादन आजच टाका, त्याला सकाळची वाट पाहायची गरज नाही.

यंदाचा बहार गेला तर एक हंगाम जातो. फांद्या सलल्या तर पुढचा आंबियाही हाताला लागत नाही.

---

वरूड_मृग:

सकाळी जाऊन आलो. वरच्या धुऱ्याकडची (बांधाकडची) झाडं मलूलच, नाल्याकडची ताठ. वरच्यांना रातच्या लाइनीत पाणी सोडतो, नाल्याकडची ठेवतो तशीच. कुटार भावाकडून आणलं.